पुण्याच्या इतिहासातल्या अजब पण खऱ्या गोष्टी: नाक जोडणारा कुंभार, पर्वतीचा गेंडा आणि बरंच काही

शुक्रवारकर

पुण्याचा इतिहास निघाला की आपण शनिवारवाडा, मस्तानी आणि ‘काका मला वाचवा’ एवढ्यातच फिरत राहतो. अमावस्येच्या रात्रीचे आवाज तर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवले जातात. त्या नादात खरोखर घडलेल्या, कागदावर नोंद असलेल्या आणि ऐकून थक्क व्हावं अशा कितीतरी गोष्टी मागे पडतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

सुरुवात माझ्या सगळ्यात आवडत्या गोष्टीपासून करतो.

1792 साल. इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र येऊन टिपूशी लढत होते. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैल हाकणारा गडी होता. नाव पारशी वाटतं, पण नोंदीत तो मराठा शेतकरी असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून टाकण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो बिनानाकाचा राहिला, आणि मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता. विटा घडवणाऱ्या जातीतला होता, म्हणजे आपल्याकडचा कुंभार.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 च्या अंकात हे सगळं चित्रासकट छापून आलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना स्वतः पाहिली होती, त्यामुळे कृती अगदी बारकाईने दिली आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा करून तो उरलेल्या नाकावर बसवायचा आणि त्याला नाकाचा आकार द्यायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ आखायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. जुन्या नाकाच्या कडेला चीर पाडायची, सोडवलेली कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि त्या चिरेत बसवायची. वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेलं कापड. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यात मऊ चिंध्या घालायच्या. साधारण पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापून टाकायची.

नवं नाक पक्कं बसतं, जवळजवळ खऱ्यासारखं दिसतं, कपाळावरचा व्रणही काही काळाने फारसा जाणवत नाही, असा शेरा त्या लेखात आहे. ही शस्त्रक्रिया हिंदुस्थानात दुर्मीळ नाही, फार पूर्वीपासून चालत आली आहे, असंही म्हटलं आहे. कावसजीचं नाव आहे, डॉक्टरांची नावं आहेत. नाक जोडणाऱ्याचं नाव मात्र त्या लेखात नाही.

तुमच्याकडे अशा गोष्टी असतील तर इथे टाका. एकच विनंती: काम कोणाच्या हातून झालं तेही लिहा. ‘पेशव्यांनी बांधलं’, ‘इंग्रजांनी आणलं’ एवढ्यावर थांबू नका.

कुंभारवेस

शुक्रवारकर, वाचून अंगावर काटा आला. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या कुंभारकीतलं. लहानपणापासून गणपतीच्या मूर्ती, पणत्या, माठ हेच बघत आलो. आमच्या धंद्यातल्या माणसाने असं काही केलं हे घरात कधी कोणी बोललं नाही, शाळेतही कोणी शिकवलं नाही.

मेणाचं वाचल्यावर मात्र मला जराही नवल वाटलं नाही. उभा आकार सपाट पत्र्यावर उतरवायचा, आणि तो परत उभा केला की कुठे आवळेल, कुठे सुरकुती पडेल याचा अंदाज बांधायचा, हे हाताला वळण असलेल्या माणसाचं काम. चेहरा घडवणाऱ्या माणसाला नाकपुडीला किती जागा लागते ते डोळ्यांनी कळतं. माप थोडं जास्तच घ्यावं लागतं, कारण ओली वस्तू आटते.

एक प्रश्न आहे. भुवयांमधली पट्टी 25 दिवस का ठेवायची? आणि रुग्ण एवढं सहन कसं करत असेल?

टाकादोरा

कुंभारवेस, मी याच क्षेत्रातली आहे म्हणून उत्तर देते.

कातडी कपाळापासून पूर्ण तोडून नाकावर चिकटवली तर तिला रक्त मिळत नाही आणि ती काळी पडून मरते. ती पट्टी म्हणजे तिचा रक्तपुरवठा. पट्टीतून रक्त येत राहतं, तोवर नाकाच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या हळूहळू नव्या कातडीत शिरतात. तीनेक आठवड्यांत ती कातडी नव्या जागेच्या रक्तावर जगायला लागते, मग पट्टी कापली तरी चालतं. आजही आम्ही कपाळाच्या कातडीने नाक करतो तेव्हा साधारण तेवढेच दिवस थांबतो. सुरुवातीचे चार दिवस हात न लावणं, पाठीवर झोपवणं, नाकपुड्या उघड्या ठेवणं, यातली एकही गोष्ट वायफळ नाही. कात तुरट असतो, त्याने रक्त थांबायला मदत होते. त्या माणसाला रक्ताभिसरणाचं शास्त्र कोणी शिकवलेलं नसणार, पण काय केल्यावर कातडी जगते आणि काय केल्यावर मरते हे त्याच्या परंपरेला पक्कं ठाऊक होतं.

सहन करण्याबद्दल: ईथरची भूल 1846 मध्ये आली. कावसजीची शस्त्रक्रिया तिच्या पन्नास वर्षं आधीची आहे.

‘हे तर सुश्रुताचंच’ असं लगेच म्हटलं जातं, म्हणून एक फरक सांगते. सुश्रुतसंहितेत नाक जोडायची कृती आहेच, पण तिथे कातडी गालावरून घ्यायला सांगितली आहे आणि माप झाडाच्या पानाने घ्यायला. पुण्याच्या कुंभाराने कातडी कपाळावरून घेतली आणि माप मेणाने. म्हणजे मधल्या शतकांत कोणीतरी ही पद्धत बदलली, सुधारली. कपाळाची कातडी जाड आणि भरपूर रक्ताची, पोत आणि रंग नाकाशी जुळणारा. हा बदल ज्यांनी केला त्यांचं श्रेय सुश्रुताच्या खात्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही.

पुढची गोष्टही तितकीच मोठी आहे. तो लेख वाचून लंडनचा जोसेफ कार्प्यू हा शल्यविशारद या पद्धतीच्या मागे लागला. मृतदेहांवर सराव केला, आणि लेखानंतर तब्बल वीस वर्षांनी, 23 ऑक्टोबर 1814 रोजी, त्याने एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक असंच बनवलं. 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून ही पद्धत युरोपभर गेली. वैद्यकाच्या पुस्तकांत तिला आजही ‘भारतीय पद्धत’ म्हणतात.

तांबटआळी

माझी भर. कावसजीचं जे चित्र लंडनला छापलं गेलं, ते जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने काढलेल्या चित्रावरून केलेलं होतं. हा वेल्स पुण्यात आला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटमुळे. मॅलेट 1786 पासून संगमावरच्या रेसिडेन्सीत होता. त्याच्या पुढाकाराने सवाई माधवरावांच्या काळात चक्क शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा चालायची आणि वेल्स तिथे शिकवायचा.

पण मला सांगायचंय ते गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराबद्दल. पेशव्यांचा पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता, त्यात वाघ-सिंहांबरोबर गेंडाही होता. पुण्यात गेंडा! नोव्हेंबर 1790 मध्ये गंगारामाने त्या गेंड्याचं चित्र काढलं. कातडीच्या घड्या, अंगावरच्या गाठी, जाडजूड पाय, सगळं समोर बसून निरखून काढलेलं. वेल्स हिंदुस्थानात उतरला 1791 मध्ये. म्हणजे गोऱ्या गुरूने शिकवलं आणि मग आपला माणूस चित्र काढायला लागला, असा जो समज होतो तो इथे टिकत नाही. गंगारामाचा हात आधीच तयार होता. पुढे त्याने वेरूळच्या लेण्यांचीही चित्रं काढली. ती आणि गेंड्याचं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

आता यातला धागा बघा. 1790 मध्ये टिपूविरुद्ध पेशव्यांशी तह झाला तो मॅलेटच्या हातून. त्या तहाच्या दरबाराचं मोठं चित्र वेल्सने हाती घेतलं होतं, पण 1795 मध्ये तो वारला. मग त्याच्या कच्च्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने ते 1805 मध्ये पूर्ण केलं. ज्या तहाचा तो दरबार, त्याच तहातून झालेल्या लढाईत कावसजीचं नाक गेलं, आणि त्याच्या नव्या नाकाचं चित्र काढायला वेल्सच होता. पुण्याच्या चार-पाच वर्षांत केवढं काय काय घडत होतं!

नारायणपेठी

मस्त धागा. शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार आहे, आतून घोडेस्वार जायचा, असं आमचे आजोबा सांगायचे. खोदकामात कुठे कुठे त्याची कमान सापडते असंही ऐकलंय. याला काही आधार आहे का?

कात्रजचा नळ

नारायणपेठी, कमानी सापडतात हे अगदी खरं. पण ते भुयार पाण्याचं आहे, आणि माझ्या मते घोडेस्वारापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या आसपास, कात्रजला तलाव बांधून तिथून शहरात पाणी आणलं. जमिनीखालून दगड-विटांचा बांधीव नळ, काही ठिकाणी माणूस उभा राहील एवढा उंच. पंप नाही, वीज नाही, पाणी निव्वळ उतारावर वाहायचं. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवलेले, म्हणजे हवा खेळावी आणि गाळ काढायला माणसाला उतरता यावं. कात्रज ते शनिवारवाडा एवढ्या अंतरात उतार कुठे जास्त झाला तर पाणी नळ फोडील, कुठे कमी झाला तर गाळ साचून तुंबेल. तो उतार जमिनीखालून, ओढे-टेकड्या सांभाळत, सलग राखणं हे गवंडी, पाथरवट आणि बेलदारांचं कसब.

हे पाणी वाड्यातल्या कारंज्यांपुरतं नव्हतं. शहरातल्या हौदांत ते पडायचं: काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद. बसच्या थांब्यांची नावं म्हणून आपण ही नावं घेतो, पण तिथे खरोखर पाणी भरायला रांगा लागायच्या. आजही रस्ता खणताना जेसीबीखाली हा नळ फुटतो आणि दोन दिवस बातम्या येतात, मग बुजवून टाकतात. प्रत्येक वेळी जीव तुटतो. अडीचशे वर्षांचं हे बांधकाम नकाशावर नीट आखून जपायला हवं.

जाता जाता: सारसबागेतला गणपती लोक अजूनही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, कारण तिथे खरंच तळं होतं. आंबील ओढ्याचा प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं आणि त्यातल्या बेटावर 1784 मध्ये सवाई माधवरावांनी गणपती बसवला. बागेत आपण भेळ खातो ती जागा तेव्हा पाण्याखाली होती.

फूलझाडू

बॅडमिंटनचा शोध पुण्यात लागला, हेही टाका की यादीत.

शुक्रवारकर

फूलझाडू, ते थोडं जपून म्हणायला हवं. पिसांचं फूल फळीने उडवायचा खेळ कितीतरी जुना आहे आणि अनेक देशांत होता. पुण्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला जाळी लावून रंगत आणली, 1870 च्या दशकात त्याचे नियम इथे लिहिले गेले आणि इंग्लंडात तो काही काळ ‘पूना’ नावाने ओळखला जायचा. तेवढं आपलं. शोधाचा दावा करायची गरज नाही.

दुर्बीण

एकेकाळी भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण पुण्यात होती, हे किती जणांना माहीत आहे?

शिवाजीनगरचं आजचं सीओईपी, म्हणजे अभियांत्रिकीचं कॉलेज, हेच तेव्हाचं कॉलेज ऑफ सायन्स. तिथे कावसजी दादाभाई नाएगमवाला नावाचे पारशी प्राध्यापक होते. (हा दुसरा कावसजी!) भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून त्यांनी देणगी मिळवली, त्यात सरकारची भर पडली, आणि 1888 मध्ये कॉलेजच्या आवारात वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची 20 इंची दुर्बीण त्यांनी आणली. एवढी मोठी दुर्बीण तेव्हा देशात दुसरी नव्हती.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला नाएगमवालांनी करमाळ्याजवळच्या जेऊरला तळ ठोकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच आली होती. जेऊरच्या माळावर एका बाजूला कॅलिफोर्नियाहून आलेले खगोलशास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला पुण्याचे प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी!

1912 मध्ये नाएगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद करण्यात आली. दुर्बीण कोडईकनालला गेली. एका माणसाच्या ध्यासावर उभं राहिलेलं काम तो गेल्यावर चालवायला कोणी पुढे आलं नाही, याची खंत वाटते. आज पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था आहेत, नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. या शहराच्या खगोलशास्त्राची गोष्ट सांगताना सुरुवात नाएगमवालांपासून व्हायला हवी.

नारायणपेठी

कात्रजचा नळ, मनापासून धन्यवाद. आता भुयाराची गोष्ट मुलांना याच रूपात सांगणार.

दुर्बीण यांच्या प्रतिसादाला जोडून: सिमला ऑफिस चौकातून रोज जाणाऱ्यांसाठी. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, पुढे 1944 मध्ये ते दिल्लीला हललं, पण मनोऱ्याची ती इमारत पुणेकरांसाठी सिमला ऑफिसच राहिली.

खडकवासला

सीओईपीचाच आणखी एक माणूस: मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरचे दिवाण म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना माहीत, पण त्यांचं शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधलं आणि नोकरीची सुरुवातीची वर्षं मुंबई इलाख्यातली. खडकवासल्याच्या धरणात आणखी पाणी साठवायचं होतं, पण धरण उंच करणं परवडणारं नव्हतं. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडवून धरायचं, पूर आला की दरवाजे आपोआप उघडायचे, पातळी उतरली की आपोआप मिटायचे. रात्री-अपरात्री पावसात माणसं धावायची गरज नाही. 1903 मध्ये हे इथे झालं आणि मग तसेच दरवाजे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसले. धरणावर आपण भजी-कणसं खायला जातो, पण ही गोष्ट सांगणारा एखादा फलक माझ्या तरी नजरेला पडलेला नाही.

टाकादोरा

रुग्णालयातली एक गोष्ट राहिली होती. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचं आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) सुजलं आणि त्यांना ससूनमध्ये आणलं. 12 जानेवारी 1924 च्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळ, आणि ऐन शस्त्रक्रियेत वीज गेली. बॅटरीच्या आणि मग कंदिलाच्या उजेडात टाके घालावे लागले. रुग्ण दगावला असता तर देशभर काय उसळलं असतं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. हात थरथरू न देता काम पुरं करणं म्हणजे काय, हे माझ्यासारखीला चांगलं समजतं. तिथे कंदील धरून उभ्या असलेल्या माणसाबद्दलही मला तितकाच आदर वाटतो.

शुक्रवारकर

एकेक प्रतिसाद सावकाश वाचतोय. माझ्याकडून अजून एक.

पुणे-मुंबई रेल्वे एकदम सुरू झाली असं आपण धरून चालतो. 14 जून 1858 ला पुणे-खंडाळा गाडी सुरू झाली, मुंबईकडून रूळ घाटाच्या पायथ्यापर्यंत आले होते, आणि मधला भोर घाट तसाच! जवळजवळ पाच वर्षं प्रवासी खंडाळ्याला उतरून पालखी, डोली, तट्टू किंवा पायी घाट उतरायचे आणि खाली दुसरी गाडी पकडायचे. घाटाचं काम घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये हिंदुस्थानात आल्यावर काही आठवड्यांतच आजाराने वारला. ठेका त्याची बायको ॲलिस हिने सोडला नाही. तिने दोन अभियंते नेमून काम तडीस नेलं आणि 14 मे 1863 ला घाट खुला झाला. हजारो मजूर त्या डोंगरात राबले आणि पटकी-तापाने कित्येक तिथेच गेले. डेक्कन क्वीनमध्ये बसून बोगदे मोजणाऱ्या प्रत्येक मुलाला हे माहीत असावं असं मला वाटतं.

कुंभारवेस, एक विचारायचं होतं. 1794 चा तो मजकूर साध्या मराठीत उतरवून, चित्रासह, कुंभारवाड्यात एखाद्या मंडळाच्या भिंतीवर लावता येईल का? गणपतीत तिथे पुष्कळ गर्दी असते.

कुंभारवेस

लावता येईल की! आमच्या मंडळाचा कार्यकर्ता मीच आहे, बाकीच्यांशी बोलतो. काल रात्री वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मेणाचा भाग दोनदा वाचायला लावला, मग म्हणाले, पत्रा गरम असतानाच बसवत असणार, गार झाला की आकार धरून राहतो.

टाकादोरा ताई, मजकूर तुम्हीच लिहून द्याल का? कात, तूप, मेण, चिंध्या हे सगळं त्यात येऊ द्या. जाडजूड वैद्यकीय शब्द नकोत, आमच्या आळीतल्या बायाबापड्यांना कळलं पाहिजे.

टाकादोरा

नक्की देते. कपाळावरची रेघ आणि भुवयांमधली पट्टी दाखवणाऱ्या तीन सोप्या आकृतीही काढून देईन. कार्प्यूचं साल खाली बारीक अक्षरात, वरची सगळी जागा शस्त्रक्रियेला. तांबटआळी, रेषा तुमच्याकडून तपासून घेईन, चित्रातलं तुम्हाला जास्त कळतं.

तांबटआळी

पाठवा. गणपतीच्या आधी महिनाभर मिळालं तर रंगवूनही देतो.